वामनची फुंक

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यात वामन कोळी दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. भावाच्या होडीवर तो जाळं ओढायचा आणि लग्नसराईत ट्रम्पेट वाजवायचा. होडीवरच्या कामाचं कौतुक कुणी करत नसे, पण हळदीला वामन आहे म्हटल्यावर बेलापूरपासून नावड्यापर्यंतच्या म्हाताऱ्यासुद्धा खुर्च्या सोडून उभ्या राहायच्या. सयाजी मास्तरांच्या बँडात तो पोरवयापासून होता. नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं. एकदा कानावर पडलेलं गाणं मात्र तो दुसऱ्या दिवशी वाजवायचा, वर त्यात आपलं काहीतरी घालायचा.

त्या हिवाळ्यात गावभर फ्लूची साथ होती. वामनलाही ताप भरला, अंग ठणकायला लागलं, घसा धरला. नेमकी त्याच आठवड्यात नावड्याला हळद होती. बायको यशोदाबाई दारात आडव्या आल्या.

"अवो, अंग बगा कसा तापलाय. मास्तरला सांगा, नाय येत म्हनून."

"सुपारी घेतलीय ना त्यानं," वामन म्हणाला. "आनि माज्यासाठीच बोलावलाय त्यांनी."

तापाची गोळी घेऊन तो गेला. तापाने तोंडाला कोरड पडली होती, पण गिळताना घसा दुखतो म्हणून दिवसभरात त्याने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मांडवात उभं राहून तो गाणी वाजवत राहिला. फुंक मारली की उजव्या कानाखाली सुई टोचल्यासारखं व्हायचं. लोक नाचत होते, त्यामुळे तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा पहिला घोट घेतला आणि कानापासून जबड्यापर्यंत अशी कळ गेली की वाटी हातातून सुटली. गाल सुजून कानाची पाळी वर उचलली गेली होती. यशोदाबाईंनी आंबेहळद उगाळून लेप लावला. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि ते म्हणाले, "गालगुंडं दिसतायत. मोठ्या माणसाला जरा जास्त त्रास होतो. भरपूर पाणी प्या, आराम करा. चार दिवसांत उतार पडला नाही तर परत या."

घरात गालगुंडं झालीत हे गावभर झालं. बाजारात यशोदाबाईंच्या मासळीच्या टोपलीपाशी येणाऱ्या बायका दोन हात लांबूनच बोलू लागल्या. एकीने तर घेतलेले बोंबील परत टोपलीत टाकले. त्या दिवसापासून यशोदाबाई घरीच बसल्या.

फ्लूचा ताप उतरला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग थंडी वाजून पुन्हा ताप चढला. गाल लालभडक झाला, दगडासारखा टणक. तोंड उघडेना. जिभेवर काहीतरी खारट, घाण चव यायला लागली. वामन थुंकला तर त्यात पू होता. "चार दिवस होऊ देत, डॉक्टर बोललाय ना," असं म्हणत तो पडून राहिला. शेवटी मुलगी संध्या महापेच्या ऑफिसातून आली, तिने बापाचा चेहरा पाहिला आणि तशीच रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. डॉक्टर वैशाली नावाच्या बाई होत्या. त्यांनी घाई न करता समजावलं.

"ही गालगुंडं नाहीत. फ्लूचे विषाणू कधीकधी लाळेच्या ग्रंथीत उतरतात, तिला सूज येते. बहुतेकांची आपोआप बरी होते. यांचं तोंड कोरडं पडलेलं, लाळ वाहत नव्हती. मग तोंडातले जंतू उलटे आत चढले. आता ग्रंथीत पू साठलाय. काढावा लागेल."

"मना वाजवता येल ना?" वामनने दात मिटलेल्या तोंडानेच विचारलं.

डॉक्टरबाईंना कळलं नाही. संध्याने सांगितलं, "बाबा ट्रम्पेट वाजवतात."

बाईंनी त्याच्या सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं. "चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. आम्ही जपूनच करू. पण सूज फार आहे. विष रक्तात उतरायच्या आत पू काढायला हवा."

शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पट्टी सुटली तेव्हा वामनच्या ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता आणि उजवा डोळा पुरता मिटत नव्हता. चहा प्यायला की कोपऱ्यातून ओघळायचा. नस दबलीय, हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाल्या. काही महिन्यांत डोळा नीट मिटू लागला. ओठ मात्र तिथेच राहिला. त्यात तोंडाची कोरड कायमची झाली. भाताचा घास टाळूला चिकटायचा, बोलता बोलता जीभ अडायची. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय तो संडासालाही जात नसे.

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्याने ट्रम्पेट उचललं, ओठ भिजवले आणि फुंक मारली. कोपऱ्यातून फुस्स करून हवा निघून गेली. त्याने बोटाने ओठाचा कोपरा दाबून धरला आणि जोर लावला. आवाज आला नाही, पण संध्याकाळपर्यंत गाल परत फुगला. डॉक्टरबाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलं, "वाजवताना हवा उलटी ग्रंथीत शिरतेय. परत पू झाला तर तेवढ्यावर भागणार नाही. वाजवणं बंद करा, दादा."

सयाजी मास्तर भेटायला आले. "झांज धर," ते म्हणाले. "तुज्याशिवाय बँड बँड वाटत नाय रे." वामनने मान डोलावली.

बेलापूरच्या एका हळदीला तो मागच्या रांगेत झांज घेऊन उभा राहिला. पुढे दुसराच कुणीतरी ट्रम्पेट वाजवत होता, चांगला वाजवत होता. तेवढ्यात नवरीच्या काकाने त्याला ओळखलं. "अरं, वामनदादा मागं काय करतोय? एक गानं होऊ दे दादाचं!" लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मास्तर नको नको करत होते. पण वामनला काय झालं कोण जाणे, त्याने पुढे होऊन ट्रम्पेट घेतलं.

आधी नुसता वारा निघाला. मग भोंग्यासारखा एक फाटका आवाज. तोंड ओलं करायला घेतलेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. नाचायला थांबलेल्यांपैकी एकजण हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. मग कुणीतरी स्पीकर लावला.

त्यानंतर वामन बँडात गेला नाही. होडीवर जाणंही त्याने सोडलं. घरात बोलणं कमी झालं. यशोदाबाई अधूनमधून म्हणायच्या, "त्या दिवशी मी तुमाला सोडायलाच नको होता." तो म्हणायचा, "मीच गेलतो गो."

पुढच्या वर्षी संध्याचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. तिने सांगून टाकलं की रजिस्टर लग्न करणार, हळद नाही, बाजा नाही. यशोदाबाई रडल्या. कोळ्याच्या पोरीची हळद नाही म्हणजे गाव काय म्हणेल?

"बाय, माज्यामुळं नको करू असा," वामन म्हणाला. "लाव बाजा. मी घरात बसेन."

"म्हणूनच नाही लावायचा," संध्या म्हणाली आणि आत निघून गेली.

लग्नानंतर हॉटेलात जेवण होतं. व्याह्यांनी आग्रह केला, ताटात स्वतः वाढलं. वामनने रुमाल तोंडाशी धरून एक घास घेतला. तो घास गिळला जाईना. समोर नवी माणसं बसलेली. त्याने तो हळूच रुमालात काढून घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"काय हो व्याही, आवडलं नाही का?"

"पोट भरलाय," तो म्हणाला आणि पाण्याचा ग्लास हातात धरून सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिला.

घरी आल्यावर यशोदाबाईंनी पातळ पेज करून दिली. तो भिंतीकडे तोंड करून बसला. हल्ली तो तसाच जेवत असे.