पट्ट्यात हात असताना

बोईसरच्या ज्या छोट्या रुग्णालयात मी नर्स होते, तिथे जनरेटरच्या सर्व्हिसिंगला चिंचणीहून एक मेकॅनिक आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

आधी त्याने वॉर्डातला इन्व्हर्टर तपासला. मग अंगठी, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि जनरेटरच्या बॅटरीची वायर सोडवली. प्रत्येक गोष्ट तो दोनदा चाचपून बघायचा. त्याचा तो संथपणा मला खटकत होता.

त्याचे दोन्ही हात जनरेटरच्या पंख्याच्या पट्ट्यात होते आणि लाइट गेली. एरवी आमचा जनरेटर अशा वेळी आपोआप सुरू होतो. बॅटरी जोडलेली असती तर पट्टा त्याच क्षणी फिरला असता. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त काचेच्या पेटीतलं दोन दिवसांचं बाळ होतं.

मी धावत मागे जनरेटरपाशी गेले. "लवकर चालू करा! आत बाळ आहे!"

त्याने वर पाहिलं नाही. "इन्व्हर्टर पाऊण तास खेचंल, बाई. मी बगितलाय. तुमी बाळाजवळ जा."

मी हलले नाही. त्याने पट्टा बसवला, जाळी लावली, हत्यारांच्या पेटीतले पाने मोजले. एक कमी भरला. मी अक्षरशः ओरडले. तो मात्र टॉर्च घेऊन वाकला, पाना शोधून काढला आणि मगच वायर जोडली.

जनरेटर धडधडला. तेव्हा कुठे त्याने कपाळाचा घाम पुसला.

"घाई मला पन होती, बाई," तो म्हणाला. "पन ती हातात उतरू द्यायची नाय."