पूर्णत्वास गेलेली वास्तू

दिगंबरराव वैशंपायनांनी छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर त्यांच्या मनात इच्छा उरली ती एकच: पत्नी मंदाकिनीबाईंना जमिनीलगतच्या घरात राहता यावे. नवी पेठेतले त्यांचे भाड्याचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाईंचे गुडघे संधिवाताने जखडलेले, हृदय दुर्बळ. डॉक्टरांनी जिना कायमचा वर्ज्य केलेला. त्यांचे जग खिडकीएवढे उरले होते. म्हणून धायरीला पूर्वी घेऊन ठेवलेल्या दोन गुंठ्यांवर बैठे घर बांधण्याचा करार दिगंबररावांनी तिथल्याच हिंदुराव नावाच्या बिल्डरशी केला. दाराशी पायऱ्यांऐवजी उतार हवा आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा हवा, ही दोन कलमे त्यांनी आग्रहाने लिहवून घेतली.

"सर, काय बी काळजी करू नका," हिंदुराव म्हणाले. "बाईंचं घर म्हंजी माझ्या आईचं घर हाय. अक्षय्य तृतीयेला दूध उतू घाला."

अक्षय्य तृतीया जवळ आली तेव्हा न्हाणीघरात नळ नव्हता, मैलपाण्याची टाकी खणलेली नव्हती, विजेचे मीटर आले नव्हते, आणि उताराच्या जागी विटांचा ढीग होता. तथापि बाईंच्या प्रकृतीचा भरवसा नव्हता. उरलेले काम महिन्यात करून देण्याचा शब्द हिंदुरावांनी दिला, आणि वास्तुशांत ठरली.

निमंत्रणपत्रिका दिगंबररावांनी स्वतः रचली: ‘श्रीकृपेने आमची नूतन वास्तू सर्वांगांनी पूर्णत्वास गेली आहे.’

"सर्वांगांनी?" बाई म्हणाल्या. "अहो, हातपाय यायचेत अजून तिला."

"पत्रिकेत अपूर्ण असं लिहितात का कुणी? वास्तू तथास्तु म्हणत असते."

घरासंबंधी अशुभ अक्षर उच्चारू नये, वास्तुपुरुष ते ऐकतो आणि खरे करतो, हा संस्कार त्यांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्याच श्रद्धेने त्यांनी ते वाक्य लिहिले. मुद्रिते दोनदा तपासली; चूक एकही नव्हती.

वास्तुशांतीच्या दिवशी मार्केट यार्डातले दोन हमाल बोलावून बाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवले. त्यांतला संपत हसून म्हणाला, "बाई, आता परत वर चढवायला आमाला बोलवू नका बरं का!" बाई कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली गेली. गोवऱ्यांवरचे दूध उतू गेले. हिंदुरावांनी घराची किल्ली बाईंच्या ओंजळीत ठेवली, आणि दिगंबररावांनी सर्वांसमक्ष त्यांना शाल व श्रीफळ अर्पण केले. छायाचित्रे निघाली.

संध्याकाळी त्याच खुर्चीतून बाईंना पुन्हा तीन जिने वर न्यावे लागले. खुर्ची पुढून संपतनेच धरली होती.

महिन्याचे वर्ष झाले, वर्षाची दोन झाली. कधी गवंडी गावाला गेलेले, कधी वाळू नाही. पुढेपुढे हिंदुराव फोनच उचलेनात. स्नेही म्हणत, दावा लावा. दिगंबरराव म्हणत, "वास्तुपुरुषासमोर ज्याच्या खांद्यावर शाल घातली, त्याला न्यायासनासमोर कसा खेचू?" अखेरीस ग्राहक आयोगात तक्रार गुदरली, तेव्हा गृहप्रवेशाला दोन वर्षे चार महिने लोटले होते. वकिलांनी बजावले: निकालापर्यंत बांधकामाला हात लावू नका, पुरावा जाईल. हात लावण्यापुरती पुंजीही आता शिल्लक नव्हती.

सुनावणीत हिंदुरावांच्या वकिलाने छायाचित्र आणि पत्रिका पुढे ठेवली. अध्यक्षांनी सौम्यपणे विचारले, "सर, हे आपणच लिहिलंत?"

"हो."

"मग हे खरं, की आपली तक्रार खरी?"

"पत्रिकेत तसंच लिहिण्याची रीत आहे."

"म्हणजे असत्य लिहिण्याची?"

शब्दाच्या सत्यतेवर आयुष्यभर बोललेल्या त्या मनुष्याने पत्रिका हातात घेऊन आपलेच वाक्य पुन्हा वाचले.

निकाल लागला, तक्रार फेटाळली गेली: ताबा गृहप्रवेशाच्या दिवशीच मिळाला, काम पूर्ण झाल्याचे तक्रारदाराने स्वतःच जाहीर केले, तक्रारीची दोन वर्षांची मुदत टळून गेली. अपिलाला आणखी चार-पाच वर्षे लागतील, असे वकील म्हणाले. तेवढी वर्षे बाईंजवळ नव्हती.

दिगंबररावांनी हे घरी सांगितले नाही. "आज तारीख आहे," असे म्हणून ते अधूनमधून फाईल घेऊन निघत आणि धायरीला त्या विटांवर बसून दुपारी परतत. माघातल्या एका सकाळी त्यांनी अशीच टोपी घातली.

"कुठे निघालात?"

"तारीख आहे."

"आज रविवार आहे, अहो."

दिगंबरराव दारातच थांबले. फाईल कुठे ठेवावी, हे त्यांना सुचेना.

"केव्हा लागला निकाल?"

"संक्रांतीच्या आधी."

 बाई भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेल्या आणि डबा भरून आल्या. "निघालाच आहात, तर दहीभात न्या. त्या वास्तुपुरुषाला नैवेद्य दाखवा. तीन वर्षं पुरून ठेवलाय बिचाऱ्याला. सोबतीला कोणी आलं नाही."

धायरीला पोहोचून दिगंबररावांनी कुलूप काढले. आग्नेय कोपऱ्यातली धूळ उपरण्याने पुसली आणि समोर डबा ठेवला. मग मांडी घालून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा स्पष्ट स्वरात, ते म्हणाले, "हे घर अपूर्ण आहे."

आणि पळीभर पाणी फिरवून त्यांनी डबा उघडला.