गंधकाचं मूळ गाव

नुसतं ‘मूळचे कुठले?’ एवढं विचारून समोरच्याला घाम फोडणारा माणूस सबंध डोंबिवलीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई होता. माझ्या आतेबहिणीचे यजमान भूगर्भशास्त्रज्ञ. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी हाच प्रश्न टाकला. ते म्हणाले, ‘रत्नागिरी.’ ‘त्याआधी?’ बिचाऱ्यांनी पणजोबांचं गाव सांगितलं. ‘आणि त्याआधी?’ पोहे गार झाले, तरी भाऊजी आपले मागे मागेच चाललेले. लग्न जमलं, पण आमचे व्याही पुढे घरी येण्याआधी भाऊजी नाहीत ना, एवढी चौकशी करून घेत.

यात त्यांचा तरी काय दोष? सारी हयात एका तांब्याच्या खाणीमागे गेलेली. तिथल्या खनिजात तांब्याबरोबर गंधक असतो, आणि तो गंधक आला कुठून, हा त्यांचा ध्यास. गंधकात म्हणे हलके आणि जड अणू असतात. त्यांचं प्रमाण मोजलं, की तो पृथ्वीच्या पोटातल्या शिलारसातून वर आला की एखाद्या जुन्या समुद्रातून, याचा अंदाज बांधता येतो. भाऊजींचं मत, समुद्रातून. ते त्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही ऐकवलं होतं. ताईच्या तांदळाच्या डब्यात नमुन्याचे दगड निघायचे. ‘अगं, कोरडी जागा लागते त्यांना,’ असं वर तिलाच समजवायचे.

या समुद्रापायी त्यांची एक मैत्री गेली. त्याच खाणीवर बरोबर काम केलेला त्यांचा जिवलग मित्र जवळच मोहने गावात राहायचा. त्याचं मत, शिलारस. एकदा भाऊजी चारचौघांत त्याला म्हणाले, ‘तुला दगड नुसते उचलता येतात, कळत नाहीत.’ तेव्हापासून आठ वर्षं अबोला. दर दिवाळीत ताई त्या घरासाठी फराळाचा डबा भरायची, आणि दर दिवाळीत तो आम्हीच संपवायचो.

नव्वदच्या सुमाराला परगावच्या प्रयोगशाळेतून नमुन्यांचा रिपोर्ट आला. मी ताईकडेच होते. भाऊजींनी कागद तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. ‘शिलारस,’ एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले, सोबतीला मला घेतलं.

‘अहो, फोन करा की!’ ताई म्हणाली.

‘चूक काय फोनवर कबूल करतात?’

मोहने गावात पोचलो, तर दार मित्रानेच उघडलं. भाऊजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, ‘तुझं बरोबर होतं. आणि मी त्या दिवशी फार वाईट बोललो.’

‘हे सांगायला आठ वर्षं लागली तुला?’

‘नाही रे, रिपोर्ट कालच दुपारी आला.’

‘आणि मला बोललास तेव्हा कुठला रिपोर्ट आला होता?’

भाऊजींचे डोळे भरून आले. मग मित्रानेच त्यांना हाताला धरून आत नेलं. जेवणाची वेळ टळून गेली, तरी दोघं त्या कागदात डोकं घालून भांडत होते.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ठाण्याला खोपट भागात माझीही एक मैत्रीण राहते. तिला मी एकदा नको ते बोलले. चूक माझीच होती, आणि ते कळायला मला कुठला रिपोर्टही लागला नाही. तिच्या घरावरून बस जाते. मी अजून उतरलेले नाही.