एनिड गॉफने सिमेंट फोडलं

ब्रॉमस्टो गावाच्या हाय स्ट्रीटवर माझं बूट दुरुस्तीचं दुकान होतं आणि बरोबर समोर 'फ्लीस हाउस'. चारशे वर्षांचा ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, वरून चुना. वरचा मजला हातभर रस्त्यावर आलेला. सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी जखडलेले.

त्याचा कोपऱ्यातला खांब एनिड गॉफने एकोणिसाव्या वर्षी वडिलांबरोबर दुरुस्त केला होता. खालचा कुजका भाग कापून नवा ओक जोडला, इतका घट्ट की सांध्यात पोस्टकार्ड शिरत नसे. गावात सुतारकाम करणारी ती एकच बाई. लग्न केलं नाही, आणि वाईट काम दिसलं की गप्प बसली नाही. लोक तिला टाळत. मीही कधीकधी मागच्या दाराने सटकायचो.

१९७१ साली क्लेमेंट रस्ट्रिकने ते घर घेतलं आणि दर्शनी बाजू सिमेंटने लिंपायला काढली. एनिड हत्यारांची पेटी घेऊनच रस्ता ओलांडून गेली.

"मिस्टर रस्ट्रिक, हे थांबवा. सिमेंटला भेगा पडतात. पाणी आत जाईल आणि तिथेच मुरेल. चुना असला की वाळून जातं."

"बाई, सिमेंटनं धरणं बांधतात."

"धरण पाणी अडवायलाच बांधतात. तुम्हीही तेच करताय. लाकडाच्या पोटात!"

गवंडी हसले. रस्ट्रिकला हसू आलं नाही, पण त्याने काम थांबवलंही नाही.

अकरा वर्षांनी त्याने नगर समितीकडे अर्ज केला: घर जर्जर झालंय, धोकादायक आहे, पाडून तिथे नवं दुकान बांधायचंय. टाउन हॉलच्या सभेत तो टोपी काढून बोलला. "चारशे वर्षं उभं राहिलं बिचारं. आता शांतपणे जाऊ द्या त्याला."

एनिड ताडकन उठली. "म्हातारपणाने नाही गेलेलं ते. तू मारलंस! अकरा वर्षं तोंडावर ओलं फडकं दाबून मारलंस!"

"मिस गॉफ, खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसते. पण उद्या सकाळी सगळ्यांनी तिथे यायचं. आला नाहीत तर मी एकेकाच्या दारात येईन."

सगळे आले. एवढ्या लोकांदेखत रस्ट्रिकला नाही म्हणता येईना. एनिडने कोपऱ्यावरचं सिमेंट फोडलं आणि पटाशी खांबात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. काळं पाणी ओघळलं. तिने आणि वडिलांनी जोडलेला ओक ओल्या केकसारखा तिच्या हातात आला. तो तुकडा तिने रस्ट्रिकच्या पायाशी फेकला.

"आता मागे चला," ती म्हणाली.

मागची बाजू रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून तिथे सिमेंट लावलंच नव्हतं. तोच ओक, उलट जास्तच जुना, जुन्या चुन्यात बसलेला. तिने तिथल्या खांबावर पटाशी ठोकली. पटाशी उडून परत आली.

"कुठलं लाकूड म्हातारं झालंय, सांगा की मला!"

पाडण्याची परवानगी एका मताच्या फरकाने नाकारली गेली. रस्ट्रिकने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करावी, असा हुकूम निघाला. चौदा महिने एनिडने तो सांगाडा सांधला, कोपऱ्याला नवा खांब बसवला.

उद्घाटनाला पितळी पाटी लावली होती: 'श्री. क्लेमेंट रस्ट्रिक यांच्या औदार्याने हे घर वाचले.' एनिडने ती दोनदा वाचली. हातातलं सँडविच माझ्याकडे दिलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, चारही स्क्रू सोडवले आणि पाटी कचऱ्याच्या पिंपात टाकली.

कॉन्स्टेबल धावत आला. "एनिड, ती परत लाव."

"खोटं लिहिलंय."

"खोटं असलं तरी पाटी त्यांची आहे."

"मग त्यालाच सांग, पिंपात हात घाल म्हणावं."

तिच्यावर खटला झाला. न्यायाधीशांनी माफी मागायला सांगितलं, तिने मागितली नाही. दंड भरला आणि थेट कामावर गेली. पाटी मात्र पुन्हा कुणी लावली नाही.

पुढे नऊ वर्षांनी रस्ट्रिक वारला. अंत्यविधीला सगळा हाय स्ट्रीट गेला, मीही गेलो. एनिड गेली नाही. संध्याकाळी मी तिला विचारलं.

"मला खिडकी बसवायची होती," ती म्हणाली, आणि रंधा मारत राहिली.