कौसाबाईची दुसरी घागर

कळसाडीत कौसाबाईच्या घरी जेवायला बसलेला माणूस लगेच जेवायचाच नाही. आधी तो आपल्या पानाकडे बघायचा. मग शेजारच्याच्या पानाकडे बघायचा, त्याच्यापुढे काही जास्त तर मांडलेलं नाही ना, म्हणून. आणि मग हे मोडावं की राहू द्यावं अशा पेचात पहिला घास तोडायचा.

घर काही मोठं नव्हतं. दोन खण, पुढे ओसरी, मागे गोठा. नवरा दोधू काळ्या जमिनीचा धनी होता खरा, पण कापसाचा भाव बसला की त्या जमिनीचा डौल पारावरच्या गप्पांपुरता उरे. घरात धड चार पाट नव्हते. पण कौसाबाईची बैठक बघावी. जुनं बारदान धुऊन, चौपदरी दुमडून, त्याला ती आपल्या विरलेल्या लुगड्यांचे काठ शिवायची. लुगडं जातं पण काठ राहतो हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तो राखून ठेवायचं मात्र हिलाच सुचलं होतं. पत्रावळीची पानं खाकऱ्याची, म्हणजे पळसाची. सातपुड्यातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका तिच्या दारी ताक पिऊन पानांचा भारा टाकून जायच्या. त्यातली एकसारखी पानं निवडून ती कडुलिंबाच्या काड्यांनी टाचायची. रांगोळी म्हणजे चाळलेली राख, विटकरीची पूड आणि चिमूटभर हळद. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीवर राहिलेली कापसाची रिकामी बोंडं सगळं गाव चुलीत घाली. ही ती चुन्यात बुडवून, वाळवून, आंब्याच्या पानांत ओवून दाराला बांधायची. लांबून येणारा पाहुणा विचारायचा, ही कुठली हो फुलं? दोधू मान ताठ करून सांगायचा, "मन्हा वावरनी शेतस." खोटं बोलत नव्हता बिचारा.

हे वेड तिच्या डोक्यात शिरलं ते लहानपणी. बापाबरोबर ती कापसाच्या गाडीवर बसून नंदुरबारला गेली होती. आगगाडी येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गाड्यांची रांग लागलेली, आणि शेजारी कुणा गोऱ्या व्यापाऱ्याचा बंगला. त्यांचा नाताळ होता. व्हरांड्यात लांबलचक मेज, त्यावर पांढरंशुभ्र कापड, आणि प्रत्येक खुर्चीपुढे वेगळा पेला. त्या प्रत्येक पेल्याशेजारी एकेक फूल. पोर कुंपणाला नाक लावून बघत राहिली. परतताना तिने बापाला विचारलं, "दादा, ते फूल खावानं व्हतं का?" बाप म्हणाला, साहेबलोकांचं काही सांगता येत नाही. एवढ्यावर विषय संपला, निदान बापापुरता तरी.

सासरी आल्यावर मात्र तिने ते मेज जमिनीवर उतरवलं. आमच्याकडे पंगतीला पाणी म्हणजे एक तांब्या, तो फिरत फिरत येईल तेव्हा येईल. कौसाबाईने प्रत्येकाच्या उजव्या हाताला कुंभाराचं एकेक बोळकं भरून ठेवायला सुरुवात केली, त्याच्या तोंडावर आंब्याचं पान, पानावर मोसमात मिळेल ते फूल. सासूने कपाळावर हात मारला. गावाने चार दिवस टिंगल केली. पुढे त्याच गावच्या बायका लग्नकार्य निघालं की आधी तिच्या दाराशी यायला लागल्या. कुणाच्या घरात काय पडून आहे आणि त्याचं काय होऊ शकतं हे तिला त्या घरात पाय ठेवताच दिसायचं. फुटक्या खापरात हळिवाचं हिरवं रान उगवून ती बैठकीच्या मधोमध ठेवायची. तिचं असं होतं की जेवण साधं असलं तरी चालेल, पण बसणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपली कुणीतरी वाट बघत होतं.

आणि याच हौसेपायी तिची एकुलती एक लेक तीन वर्षं माहेराला पारखी झाली.

हिरकणचं लग्न तापीपलीकडच्या सुकलालच्या मुलाशी झालं. सुकलाल तालेवार शेतकरी, मनाने वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. कौसाबाईने लग्नाच्या पंगतीत जीव ओतला होता. ते सगळं न्याहाळून हा व्याही चारचौघांत म्हणाला, "घरमा नही दाना, नि माले बाजीराव म्हना." दोधूचं रक्त तापलं. एरवी गोठ्यातल्या वासरालाही न रागावणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला, "तुम्ही दाना मांगाले वनात का पोर मांगाले?" झालं. सुकलालने भरल्या मांडवात सांगितलं की पोर आता तापी ओलांडणार नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण नुसतं तेवढं सांगून बाहेरच्याला काही कळायचं नाही. खान्देशात दिवाळी एकवेळ राहिली तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. लिंबाला झोके बांधलेले, पोरींची गाणी, घराघरांत खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस. त्याच दिवशी गेलेल्या माणसांचीही आठवण करायची. लाल घागर पाण्याने भरायची, तिच्यावर छोटं बोळकं, त्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पितरांचं पान वाढायचं. जिवंत लेकी आणि मेलेले वडील एकाच दिवशी घरी येतात. कौसाबाईच्या घरी तीन आखाज्या फक्त वडीलच येत होते. झोक्यावरच्या पोरींचा आवाज आला की ती भर उन्हात दार लोटून घ्यायची.

चौथ्या आखाजीला दोधूचा चुलतभाऊ उखा याने एक डाव टाकला. उखा बैलांची दलाली करायचा आणि माणसांचीही नाडी ओळखून होता. शहाद्याच्या बाजारात सुकलाल भेटला तसं त्याने एका खोंडाचं कौतुक करून त्याला गावी आणलं आणि रात्री आपल्याच घरी ठेवून घेतलं. सुकलालच्या घरची घागर थोरल्या भावाकडे भरत, त्यामुळे त्याला सणाला घरीच असायचं बंधन नव्हतं. सकाळी उखा दोधूच्या ओसरीवर येऊन म्हणाला, "याही दुपारले तुमनाकडे जेवाले येतस. मी कसंबसं राजी करं. पोट भरनं म्हंजे पोरना इशय काढसू. आते सगं तुमना हातमा शे, वहिनी."

सगळं आपल्या हातात आहे म्हटल्यावर त्या बाईच्या हाताला काय सुचावं! पुरण शिजत होतं, मांडे व्हायचे होते, पितरांचं पान मांडायचं होतं, आणि तेवढ्यात तिने ओसरी सारवून काढली. ठेवणीतलं बारदान आलं, त्यावर तिच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिने पाहुण्याची जागा वारा येणाऱ्या कोपऱ्यात घेतली. नेहमीचं बोळकं या उकाड्यात पुरायचं नाही, म्हणून कुंभाराकडून पितरांसाठी आलेल्या जोडीतली दुसरी नवी घागर भरून पानाशेजारी ठेवली. प्यायला वर बोळकं. बोळक्यावर आंब्याचं पान, पानावर पिकला आंबा, बाजूला डांगराची फोड. चार पावलं मागे सरून तिने बघितलं आणि तिला वाटलं, एवढं देखणं पान आपण उभ्या जन्मात मांडलं नव्हतं.

आखाजीच्या दिवशी खान्देशातल्या बाईने ही चूक करावी! पण हात सवयीचे असतात, आणि मन त्या वेळी तापीपलीकडे होतं.

सुकलाल आला. पाय धुतले, ओसरीवर चढला. उघड्या दारातून आत पितरांची घागर दिसत होती. मग त्याने आपल्या पानाकडे पाहिलं. त्या वाऱ्याच्या कोपऱ्यात बसलं की तोंड दक्षिणेला होत होतं, म्हणजे यमाच्या दिशेला, आणि हे आतापर्यंत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यातून गेल्या पावसाळ्यात सुकलाल तापाने असा पडला होता की घरच्यांनी तुळशीपत्र काढून ठेवलं होतं. ही गोष्ट या घरी कुणी कळवलीच नव्हती.

"दोधूभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "घरमा एक घागर शे, आठे एक शे. हाई दुसरी कोना नावनी?"

दोधूला काही उमगलंच नाही. उखाला उमगलं आणि त्याचं तोंड उतरलं. "थंड पानी शे हो ते," तो कसाबसा म्हणाला.

"मी मरता मरता वाचनू," सुकलाल म्हणाला. तो रागावला होता, पण त्याहून जास्त घाबरला होता. "नि तुम्ही माले जित्तेपनी पितरमा बसाडतस?" त्याने टोपी उचलली आणि जोड्यांकडे वळला.

कौसाबाई दाराआडून ऐकत होती. तिला आता सगळं लख्ख दिसलं. घागर, आंबा, दिशा. आपल्या हाताने आपण लेकीची वाट बुजवली. हा माणूस ओसरी उतरला की हिरकण आपल्याला पुन्हा दिसायची नाही, हे तिला कळलं. आणि मग ती बाहेर आली.

पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, तोंड भिंतीकडे. व्याह्याशी थेट बोलायचं नसतं, म्हणून ती नवऱ्याला म्हणाली, "त्यास्ले सांगा, त्यासनं पान आजून मांडेल नही. हाई पान मन्हं शे."

"तुन्हं?" दोधू म्हणाला.

"हां, मन्हं. तीन आखाजी झायात, मन्ही पोर दारमा वनी नही. अशी माय जित्ती काय नि मरेल काय. मन्ही घागर मीच भरी."

आणि गडी माणसं उपाशी असताना, व्याह्याच्या देखत, ती बाई त्या बारदानावर दक्षिणेकडे तोंड करून बसली. दोधू "अवं, अवं" करत राहिला. तिने मांड्याचा घास मोडला.

पान मांडताना तिच्या मनात असलं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती वेळ निभावून नेत होती. पण बोलता बोलता ते खरं झालं. तीन वर्षं जे तिने दोधूलाही सांगितलं नव्हतं ते सगळं वर आलं, आणि हातातला घास तोंडाशी जाईना. पदराआड ती हुंदके देत होती.

सुकलाल जोड्यांपाशी उभा होता. त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं. त्याच्याही घरी एक लेक होती, आणि ती त्या घटकेला झोक्यावर बसलेली असणार. "ईहीनबाई, उठा," तो म्हणाला. ती हलली नाही. "तो घास खाले ठेवा. उठा." तरी नाही.

तेव्हा तो परत फिरला. खाली बसला, बोळक्यावरचा आंबा बाजूला ठेवला, घागर दोन्ही हातांनी कलती करून बोळकं भरलं आणि घटाघटा प्यायला. मिशांवरून, सदऱ्यावरून पाणी ओघळलं. पितरांच्या घागरीला त्या दिवशी कुणी तोंड लावत नाही.

"जित्ता मानूस पिना," तोंड पुसत तो म्हणाला. "आते हाई घागर कोनाच नावनी नही. उठा, नि माले पान वाढा. साधं. मी आज उपाशी जाव नही."

कौसाबाई उठली. तिने दुसऱ्या भिंतीला नुसतं पान टाकलं. ना रांगोळी, ना फूल. सुकलाल मांड्यावर मांडा जेवला. रस तर दोनदा मागून घेतला, आणि उखाने नंतर गावभर सांगितलं की खोंडाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. जेवताना पोरीचा विषय निघाला नाही. काढायची कुणाची छाती झाली नाही.

निघताना सुकलाल दाराशी थांबला. दोधूकडे बघत, पण आतल्या बाजूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "त्यास्ले सांगा, सकाय मन्ही गाडी हिरकणले लई ई. पन तिनाकरता आसं पान मांडू नका. ती काय पाव्हनी शे?"

कौसाबाईला रात्रभर झोप लागली नाही. पहाटेच उठून तिने राख चाळली, हळद काढली. सांगितलं म्हणून काय झालं, लेक तीन वर्षांनी येणार होती. दुपारी गाडीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा तिचे हात रंगाने भरलेले होते. ती तशीच धावली, पण हिरकण आधीच उडी टाकून परसातून आत शिरली होती. कौसाबाई घरात आली तर पोर चुलीपाशी उभी. शिंक्यावरच्या टोपलीतली शिळी भाकर तिने स्वतःच काढून घेतली होती आणि लोणच्याच्या बरणीत बोट घालून खात होती.

"माय, भूक लागनी व्हती," ती म्हणाली.

कौसाबाई दाराला टेकून तिला खाताना बघत राहिली. पान मांडायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.