भाऊसाहेबांचे दोन फोन

भाऊसाहेबांकडे दोन फोन होते आणि ते त्या दोन फोनांना एकमेकांशी बोलायला लावत. एकावर तालुक्याचे साहेब, दुसऱ्यावर जिल्ह्याचे. दोन्हींचा आवाज मोठा करायचा, ग्रामपंचायतीच्या खिडकीत ते समोरासमोर ठेवायचे आणि म्हणायचं, "साहेब, आता तुम्हीच बोला. मी गरीब मधे कशाला?" मग स्वतः बशीत चहा ओतायचा. खिडकीतच ठेवायचे, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. त्यामुळे बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांना सरकार कसं चालतं ते बसल्या जागी ऐकायला मिळे.

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव. भाऊसाहेब रोज म्हसळ्याहून मोटरसायकलने येत. दहाची बैठक असली की बाराला. मी बचत गटांची सचिव. बैठकीचे विषय क्रमाने लिहून बसलेली. हे येत, पहिले चार विषय ओलांडून पाचव्यावर बोलत, सहीसाठी माझं पेन मागत आणि ते खिशाला लावून निघून जात. काही विचारलं की उत्तर ठरलेलं.

"होतंय ताई, होतंय."

"काय होतंय?"

"तेच बघतोय."

आणखी एक खोड. कोणी अधिकारी गावात आला की हे त्याला मोटरसायकलवर मागे बसवत आणि रस्ता चुकत. आमच्या गावाला रस्ता एकच. तरी हा माणूस चुके, आणि दर वेळी चुकून त्याच जागी जाई, जिथे चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. "अरेच्चा, इकडे कुठे आलो?" असं म्हणायचं, आणि साहेबांना ओंडक्यांवरून चालवायचं.

वाडीवाल्यांचं नुकसान सगळ्यांना दिसलं, पंचनामे झाले. पण त्या वाड्यांत शिंपण करणारी, सुपारी सोलणारी माणसं रिकामी झाली, त्यांचा पंचनामा कोणत्या रकान्यात बसवणार? आमच्या गटातली सुगंधा त्यातलीच. तिचा नवरा झाडावर चढून सुपारी उतरवायचा. चढायला झाडच उरलं नाही, तेव्हा तो उरणला कंटेनर यार्डात लागला. पावसाच्या आत गावात काम निघालं नाही तर तीही मुलींना घेऊन, घराला कुलूप लावून जाणार होती. तिच्या आळीत तशी बरीच घरं होती.

काम निघण्यासारखं होतं. रोजगार हमीतून खड्डे खणायचे, सरकारी रोपवाटिकेतून नारळ-सुपारीची रोपं आणायची आणि पुढे ती जगवण्याची मजुरीही त्याच माणसांना. पण तालुका म्हणे, रोपं मिळणार असं पत्र आणा, मग खड्ड्यांना मंजुरी देतो. रोपवाटिका जिल्ह्याची. ती म्हणे, खड्डे दाखवा, मग पत्र देतो. मी दोन्हीकडचे कागद क्रमवार लावून तीनदा तालुक्याला गेले आणि तीनदा तशीच परत आले.

सुगंधा पायरीवरून म्हणाली, "खड्डा तालुक्याचा, रोप जिल्ह्याचं, मजुरी दिल्लीची. मंग आमचं काय हाय? निस्तं फावडं?"

"होतंय गं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी दोन्ही फोन खिडकीत ठेवले.

त्या दिवशी दोन्ही साहेब चांगले अर्धा तास बोलले. आधी पत्र, आधी खड्डे, आधी पत्र. शेवटी "बघू" म्हणून दोघं गप्प झाले. भाऊसाहेबांना वाटलं, फोन बंद झाले. ते माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ताई, वरच्याला काय कळत नाय आणि खालच्याला काय करायचं नाय. दोघांना एकेक फावडं द्या हातात."

फोन बंद झाले नव्हते.

"काय म्हणालात?" एका फोनमधून आलं. "मीही ऐकलं," दुसऱ्यातून. तालुका आणि जिल्हा यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोघांनी मिळून भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस काढली आणि त्यांचं दप्तर तपासायला त्याच आठवड्यात दोघं एका जीपमधून आले. भाऊसाहेब वाट दाखवायला पुढे बसले. रस्ता चुकले.

वाडीत सुगंधा आणि आळीतल्या बायका फावडी घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी ओंडके पाहिले, एकमेकांकडे पाहिलं. मग तालुक्याचे साहेब म्हणाले, "तुम्ही तोंडी हो म्हणा, मी आज मंजुरी देतो." जिल्ह्याचे म्हणाले, "तुम्ही मंजुरी द्या, मी उद्या पत्र देतो." दप्तर कोणी उघडलंही नाही.

पाऊस लागायच्या आत रोपं खड्ड्यांत बसली. सुगंधाने कुलूप आणलं होतं, ते तिने गोठ्याला लावलं. पुढच्या वर्षी नवराही उरणहून परत आला.

मी भाऊसाहेबांना विचारलं, "फोन मुद्दाम चालू ठेवलात ना?"

"नाय हो ताई. विसरलो."

या माणसाचा विसरभोळेपणा मी चार वर्षं सोसला होता, त्यामुळे ते खरंही असेल. नोटिशीचं उत्तर त्यांनी माझ्याच पेनाने लिहिलं आणि पेन नेलं.

मग त्यांना बढती मिळाली, तालुक्याच्या कार्यालयात. निरोपाला नारळ दिला तेव्हा ते दोन तास उशिरा आले. नवीन ग्रामसेवक वेळेवर येतात, विषय क्रमाने घेतात, स्वतःचं पेन आणतात. आणि काहीच होत नाही.

यंदा झाडं जगवण्याची मजुरी अडकली. सुगंधाचा नवरा पुन्हा उरणला फोन करू लागला. मी माझा आणि नव्या ग्रामसेवकांचा फोन घेतला, एकावरून जिल्ह्याला, दुसऱ्यावरून तालुक्याला लावला आणि दोन्ही खिडकीत समोरासमोर ठेवले. जिल्ह्याच्या साहेबांनी उचलला. तालुक्याच्या फोनवर ओळखीचा आवाज आला.

"त्याचं असं आहे, आधी जिल्ह्याकडून पत्र येऊ द्या, मग आम्ही..."

"भाऊसाहेब!" मी ओरडले.

पलीकडून बारीक आवाजात, "ताई? फोन खिडकीत ठेवलेत काय?"

"समोरासमोर ठेवलेत. आणि पायरीवर सुगंधा बसलीय."

"भाऊसाहेब," सुगंधा बाहेरून म्हणाली, "होतंय ना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घसा खाकरल्याचाही.

"साहेब," भाऊसाहेब जिल्ह्याच्या फोनला म्हणाले, "उद्या श्रीवर्धनला येताय ना बैठकीला? मी गाडी घेऊन येतो. जाता जाता एक वाडी बघू."

"वाटेवर आहे का ती?"

"रस्ता चुकलो तर आहे."