बँडच्या दहाव्या वर्षी गाणी ठरवताना

बँड दहा वर्षं टिकला की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणी पुन्हा बसवावी लागतात. किस्से मात्र चहा आला की आपोआप सुरू होतात.

आम्ही चौघं. ड्रमवर सुनील, गिटारवर प्रवीण राठोड, गायला संगीता आणि बेसवर मी. बँडच्या वाढदिवसाचा कार्यक्रम यवतमाळात ठरला, तो नेमका बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली. संगीतानं पहिल्याच बैठकीत विचारलं, "अशा साली लोकायले गाणी कायले पाह्यजे?" मग लोकांनाच विचारायचं ठरलं.

*

कापसावरच्या रडक्या गाण्यानं आम्हाला कॉलेजात बक्षिसं मिळाली होती. ते घाटंजीच्या बाजारात एका भाजीवालीला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं हाय बाई. पण हे तं आमच्या घरी रोजच हाय. दुसरं नाही काय?"

गाणं तिथंच बाद झालं.

*

प्रॅक्टिस लोहाऱ्याला, एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये. शेजारचा वॉचमन रोज दारात येऊन उभा राहायचा. आम्हाला वाटलं, तक्रार असणार. एकदा म्हणाला, "ते तिसरं गाणं काहून बंद केलं? माहा राउंड त्याच्यावरच चालते."

गाणं परत आलं.

*

प्रवीणच्या बंजारा तांड्यावर, आर्णीजवळ, होळीला लेंगी गात फेर धरतात. त्यातली एक आम्ही जलद ठेक्यात बसवली. त्याच्या आईनं, म्हणजे याडीनं, ऐकली आणि म्हणाली, "एवढ्या घाईत पाय कुठं ठेवाचे?" मग पदर खोचून आमच्यासमोर गोल फिरून दाखवलं. आम्ही तिच्या पावलांकडे बघत वाजवलं. लय सापडली.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रवीणचे दोन्ही भाऊ वेचणी सोडून ट्रॅक्टरवर स्पीकर घेऊन आले. मला अवघडल्यासारखं झालं. "असू दे ना," थोरला म्हणाला, "यंदा वेचाले उरलंच काय," आणि सगळ्यात जड स्पीकर त्यानंच उचलला.

*

शेवटचं गाणं सुनीलच्या वडिलांचं, त्यांनी स्वतः रचलेलं. दरवर्षी जयंतीला विहारासमोर गायचे. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला. चाल कोणालाच नीट आठवेना. मग ते खाटेवर ठेका धरत, नुसते ओठ हलवत. संगीतानं ओठांवरून शब्द घेतले आणि चाल चुकली की ते मान हलवत.

कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसले होते. गाणं अर्ध्यात आलं तसे उठले, स्टेजवर चढले, सुनीलसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला.

सुनीलनं स्टिक्स त्यांच्या हातात दिल्या. मग खाली उतरला आणि वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसला.